मुळशीच्या डोंगरवाटा आणि सायकलस्वाराची विश्रांती

पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून, भूगाव आणि भुकूम ही गावे मागे टाकीत, पिरंगुटच्या घाटाने जो रस्ता पौडच्या मामलेदार कचेरीपर्यंत आणि तेथून पुढे मुळशीच्या जलाशयाच्या काठाने ताम्हिणीपर्यंत जातो, त्या रस्त्यावर हिवाळ्यातील कोणत्याही रविवारी पहाटे जो उभा राहील त्याला, या मुलखात सायकलस्वारांचा एक नवाच वर्ग उदयास आला असल्याची साक्ष पटल्यावाचून राहणार नाही. रुंद आणि खोल नक्षीच्या टायरांची, पुढल्या चिमट्यात धक्के शोषून घेणारे सस्पेन्शन बसविलेली सायकल घेऊन निघालेली ही मंडळी डांबरी रस्त्यावर फार वेळ रमत नाहीत. एखाद्या वस्तीपाशी ती गुरवाटेला, बैलगाडीच्या चाकोरीला किंवा वनखात्याच्या कच्च्या रस्त्याला लागतात, आणि मग दुपारी, धुळीने माखलेली आणि उन्हाने रापलेली, पौडच्या एखाद्या हॉटेलात मिसळीच्या ताटापुढे पुन्हा दृष्टीस पडतात. ‘एमटीबी’ (माउंटन बाइक) या तीन अक्षरांनी ही मंडळी आपल्या छंदाचा निर्देश करतात. या छंदाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्याचा बहुतेक भाग यंत्राविषयी असतो, उरलेला वाटांविषयी असतो. दोन राईडींच्या मधल्या दिवसांत शरीराचे काय होते, आणि ते दिवस किती असावेत, याविषयी मात्र जो तो आपापल्या उत्साहाच्या मानाने निर्णय करून मोकळा होतो. प्रस्तुत पुस्तिका त्या मधल्या दिवसांविषयी आहे. ती मुळशी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण किती वेळा चालवावे आणि किती दिवस थांबावे या प्रश्नाचे उत्तर भूमी बदलली की बदलते, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

जुन्या दप्तरांत मुळशी पेटा म्हणून नोंदलेला हा मुलूख बारा मावळांपैकी पौड, मुठे, मोसे आणि कोरबारसे या खोऱ्यांचा आहे, आणि खोरे म्हटले की दोन धारांमधला सपाट तळ, त्यातून वाहणारी नदी आणि तिच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे असे चित्र मनात उभे राहते. मुळशीच्या मुख्य खोऱ्यात हा तळ आज दिसत नाही. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळा नदीवर धरण घालण्याचे ठरले, त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी त्या लढ्याने मिळाली, आणि अखेरीस धरण पुरे होऊन आंबेमोहोर पिकविणारी ती खाचरे गावठाणांसह पाण्याखाली गेली. ते पाणी सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात आजही वीज निर्माण करते. या इतिहासाचा आपल्या विषयाशी संबंध काय, अशी शंका वाचकास येईल. संबंध असा की खोऱ्याची सपाटी बुडाली म्हणजे रस्त्याला आणि पायवाटेला डोंगराच्या कुशीतूनच जावे लागते, प्रत्येक ओहोळापाशी उतरावे आणि प्रत्येक सोंडेवर पुन्हा चढावे लागते. ज्या सपाट मैला-दोन मैलांवर सायकलस्वार पाय सैल सोडून श्वास पूर्ववत करील, ते मैल जलाशयाच्या तळाशी आहेत. धरणग्रस्तांच्या दुःखापुढे सायकलस्वाराची ही गैरसोय अगदीच क्षुल्लक आहे, याचे भान ठेवूनच हा उल्लेख केला आहे. परंतु या मुलखात राईड करणाऱ्याचे शरीर इतके लवकर का शिणते, याचे पहिले कारण भूगोलाच्या या बदलात आहे, हे सांगणेही प्राप्त होते.

हिमालयातील चढ दीर्घ असतो, तासन्‌तास एकाच संथ लयीत चढता येतो. मुळशीतील चढ आखूड पण उभे. निवे फाट्याहून पिंपरी, भांबर्डे यांवरून सालतर, आंबवण्याकडे जाणारी वाट घ्या, किंवा घनगडाच्या पायथ्याची एकोल्याची वाट घ्या. चढ संपतो न संपतो तोच उतार लागतो, आणि उतार संपण्यापूर्वीच पुढचा चढ दिसू लागतो. त्यात पायाखालचा दगड दख्खनचा काळा पाषाण, त्यावर मुरमाचा सुटा थर, आणि पावसाने वाहून नेलेल्या मातीतून उघडे पडलेले धोंडे. चढताना मांड्या आणि काळीज यांची परीक्षा होते हे कोणालाही सांगावे लागत नाही. उतार मात्र फसवा असतो. उतारावर सायकलस्वार खोगिरावरून उठून, गुडघे आणि कोपरे किंचित वाकवून, दोन्ही पायट्यांवर शरीराचा भार तोलून उभा असतो. पाय फिरत नाहीत, म्हणून त्याला वाटते की आपण आता विसावा घेत आहोत. वस्तुतः त्या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलीत असतात, पोटऱ्या दर धक्क्याला आवळल्या जातात, आणि ब्रेकवर सतत ठेवलेल्या बोटांमुळे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात लाकडासारखा होतो. ताणल्या जाणाऱ्या स्नायूने भार पेलणे ही स्नायूला सर्वाधिक इजा करणारी क्रिया होय. म्हणून साध्या रस्त्यावर साठ किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या सहज चढणारा मनुष्य मुळशीच्या वाटांवर पंचवीस किलोमीटर करून येतो आणि मंगळवारी जिना उतरताना कठडा धरतो. अंतराचा आकडा दोन्ही दिवसांची तुलना करावयास निरुपयोगी आहे, आणि तरीही आपण अंतरच मोजतो.

हे वाहन मुळातच उतारासाठी जन्मास आले हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, टॅमलपाइस पर्वताच्या परिसरात, काही तरुण जुन्या जड सायकली टेम्पोत घालून वर नेत आणि डोंगरावरून खाली सोडीत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी अशा उतरणीची पहिली शर्यत भरविली. त्या सायकलींना मागे पायडल फिरवून लागणारा ब्रेक असे, आणि एका उतरणीत तो इतका तापे की चाकाच्या तुंब्यातील सारे ग्रीस जळून धूर निघे, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरल्याखेरीज दुसरी फेरी करता येत नसे. जो ब्रिझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्या मंडळींतील नावे पुढे जगभर गेली. वीस वर्षांच्या आत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, या खेळाला स्थान मिळाले. आज ऑलिंपिकमधील डोंगरी शर्यत साधारण दीड तासाच्या आत-बाहेर संपते, आणि त्या दीड तासासाठी तयारी करणाऱ्या खेळाडूमागे आहारतज्ज्ञ, मालीश करणारा, प्रशिक्षक असा लवाजमा असतो. आमच्याकडील रविवारचा स्वार पहाटे निघून दुपारपर्यंत सहा-सहा तास उन्हात असतो, आणि सोमवारी नऊ वाजता त्याची मीटिंग असते.

श्रम आणि विश्रांती यांच्या संबंधाचा शास्त्रीय विचार फार जुना नाही. १९०२ साली थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून असे दाखविले की श्रम चालू असताना येणारा थकवा आणि श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटणारी वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे कारण स्नायूच्या घडणीत झालेली सूक्ष्म मोडतोड हे असावे. अंग आंबणे म्हणून आपल्याकडे ज्याचा उल्लेख होतो ते हेच. याहून मनोरंजक आणि सायकलशी प्रत्यक्ष निगडित असा, स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघा संशोधकांनी दुसऱ्या कोणास वेठीस न धरता स्वतःचीच शरीरे प्रयोगास दिली. एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले, प्रत्येकाने केवळ एकाच पायाने पायडल मारले आणि तो पाय पार थकेपर्यंत काम केले; दुसरा पाय स्वस्थ राहिला. त्यानंतर तीन दिवस त्यांनी पिष्टमय अन्न भरपूर घेतले, आणि रोज दोन्ही मांड्यांत सुई घालून स्नायूचा कण काढून त्यातील ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूने साठविलेली शर्करा, मोजली. श्रमलेल्या पायातील साठा श्रमानंतर जवळजवळ शून्यावर आला होता. तिसऱ्या दिवशी तो स्वस्थ राहिलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट भरला.

हा प्रयोग पुन्हापुन्हा आठवावा असा आहे. दोन्ही पाय एकाच देहाचे, एकाच रक्ताने पोसलेले, एकाच अंथरुणावर झोपलेले. केवळ विश्रांती घेतलेला पाय होता तसाच राहिला, म्हणजे नुसत्या विश्रांतीने काही वाढत नाही. आणि केवळ श्रम केलेला पाय पहिल्या दिवशी रिकामा होता, म्हणजे नुसत्या श्रमानेही काही वाढत नाही. वाढ झाली ती श्रमानंतरच्या तीन दिवसांत, अन्न पोटात जात असताना आणि तो पाय स्वस्थ असताना. आमचे उत्साही मित्र ‘चालवल्याने पाय बनतात’ असे म्हणतात तेव्हा ते निम्मे खरे बोलत असतात. पाय चालविताना मोडतात आणि बसल्यावर बनतात, एवढी दुरुस्ती त्यांनी मान्य केली तर पुढचे विवेचन पुष्कळ सोपे होईल.

यात एक गुंतागुंत आहे, आणि बहुतेक दुखापतींचे मूळ तिच्यात सापडते. शरीरातील निरनिराळे भाग एकाच मुदतीत सावरत नाहीत. भात, भाकरी, केळी, गूळ असे अन्न वेळेवर आणि पोटभर मिळाले तर स्नायूतील शर्करेचा साठा साधारण एका अहोरात्रात पूर्ववत होतो. उतारावर आंबलेले स्नायू दोन ते चार दिवस घेतात. आणि स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे, ज्यांना रक्तपुरवठाच बेताचा, ते आठवड्यांच्या हिशेबाने बळावतात. मंगळवारी सायंकाळी स्वाराला वाटते की पाय मोकळे झाले, धाप लागत नाही, भूक चांगली आहे, तेव्हा बुधवारी पहाटे पिरंगुटचा घाट दोनदा करावयास हरकत नाही. ही साक्ष खोटी नसते, पण अपुरी असते, कारण ती देणारा स्नायू आहे. गुडघ्याखालचा कंडरा अद्याप काही बोललेला नसतो, आणि तो बोलतो तेव्हा दोन-दोन महिने बोलत राहतो. नवख्या स्वारांपेक्षा वर्ष-दीड वर्ष झालेले स्वारच अधिक गुडघा धरून बसतात याचे कारण बहुधा हेच असावे: काळीज आणि मांड्या पुढे निघून गेलेल्या असतात आणि कंडरे मागे राहिलेले असतात.

अतिश्रमाने खेळाडू कसा ढासळतो याविषयी युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या दोन संस्थांनी २०१३ साली एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. काही दिवस बुद्ध्या जास्त श्रम करून नंतर विसावा घेतला तर बळ वाढते. तोच अतिरेक लांबला तर सावरावयास आठवडे लागतात. आणि त्याही पुढे गेला तर महिने जातात, असा त्याचा आशय. त्यात सर्वांत महत्त्वाची कबुली अशी की हा शेवटला विकार निश्चित करणारी एकच एक चाचणी वैद्यकाला सापडलेली नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजण्याची रूढी चांगली आहे, नेहमीपेक्षा ती काही दिवस सतत चढी राहिली तर ती सूचना समजावी. पण नाडी नेहमीसारखी आहे म्हणून सर्व ठीक आहे असा उलटा निष्कर्ष काढू नये. झोप तुटक होणे, क्षुल्लक गोष्टींवरून चिडचिड होणे, सर्दी-पडसे रेंगाळणे, नेहमीचा चढ जड वाटणे, आणि विशेषतः सायकलकडे पाहून मनात काहीच न उठणे, ही चिन्हे घरातील माणसांना आधी दिसतात. त्यांचे ऐकावे.

आता असा प्रश्न उपस्थित होईल की रोज सायकल चालविणे हेच मुळी घातक आहे काय. पुणे शहराचा इतिहास या प्रश्नास नकारार्थी उत्तर देतो. गेल्या शतकाच्या मध्यावर पुण्याची ख्याती सायकलींचे शहर अशी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाणारे कामगार, सरकारी खात्यांतील कारकून, दुधाच्या किटल्या लावलेले गवळी, शाळामास्तर, कॉलेजचे विद्यार्थी, हे सारे वर्षाचे बाराही महिने सायकलवर असत, आणि त्यांपैकी कोणी ‘रिकव्हरी’चा विचार केल्याचे ऐकिवात नाही. त्याची त्यांना गरजही नव्हती. त्यांचा वेग बेताचा, अंतर ठरलेले, रस्ता बहुतेक सपाट. शरीराला त्या श्रमाची इतकी सवय झालेली की तो श्रम म्हणून उरलाच नव्हता. 

याहून बोलके उदाहरण मुळशीच्याच माणसांचे आहे. १८९० पासून मुंबईत जेवणाचे डबे पोचविणारे डबेवाले हे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून गेलेले. स्थानकाबाहेर उतरलेले डबे सायकलच्या दोन्ही अंगांना लटकावून, वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत, ठरल्या घटकेला ते कचेरीच्या दारात पोचवितात. सोमवारपासून शनिवारपर्यंत, ऊन असो वा पाऊस असो. आमचा रविवारचा स्वार आठवड्यात जितके दिवस सायकलवर बसत नाही तितके दिवस हा डबेवाला बसतो. परंतु त्याच्या कामाची घडण पाहण्याजोगी आहे. एका दमात तो फार लांब जात नाही. डबे गोळा करणे, छाटणे, लोकलने नेणे, पुन्हा वाटणे या क्रमात पाय आळीपाळीने राबतात आणि थांबतात, आणि वाटप संपल्यावर भाकर सोडून मंडळी एकत्र जेवावयास बसतात. रविवारी सुट्टी. आणि चैत्र-वैशाखाच्या सुमारास, गावोगावच्या जत्रांचा हंगाम आला म्हणजे, सारे डबेवाले एकदमच काही दिवसांची रजा घेऊन कुलदैवताच्या यात्रेसाठी गावी येतात. त्या दिवसांत मुंबईला डबा मिळत नाही, आणि मुंबई तक्रार न करता ते चालवून घेते. रजा एकट्याने मागितली असती तर ती कोणी दिली नसती, आणि घेणाऱ्यालाही ती घेताना आपण मागे पडलो असे वाटले असते. सर्वांनी मिळून घेतल्यामुळे तिला रिवाजाचे बळ आले. सायकलस्वारांच्या गटांनी या रिवाजापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आज गटातील एकाने ‘या आठवड्यात मी येत नाही’ म्हटले की त्याची थट्टा होते, आणि राईडींची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा या ॲपवर सलग दिवसांची माळ तुटू नये म्हणून ताप अंगात असताना लोक सायकल काढतात. वर्षातून एक पंधरवडा साऱ्या गटानेच राईड तहकूब ठेवावी, अशी सूचना या पुस्तिकेत पुढे केली आहे. ती हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे, तरी तिचा विचार व्हावा.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकाला जे मुख्यतः म्हणावयाचे आहे ते म्हणणे इष्ट होईल. मुळशीच्या वाटांवर येणाऱ्या स्वारांपैकी मोठा भाग याच तालुक्यातील हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत काम करतो. त्यांची समजूत अशी की आपण पाच दिवस खुर्चीत बसतो, म्हणजे पाच दिवस विश्रांतीच घेतो, तेव्हा शनिवार आणि रविवार हे दोन्ही दिवस डोंगरात घालविण्यात अतिरेक कसला? हिशेब वरवर बिनतोड दिसतो. परंतु ज्या पाच दिवसांत मनुष्य दोन-दोन तास वाहतुकीच्या कोंडीत अडकतो, रात्री अकराला परदेशी साहेबाशी फोनवर बोलतो, साडेपाच तास झोपतो आणि दुपारचे जेवण पडद्याकडे पाहत उरकतो, ते दिवस विश्रांतीच्या खात्यात कोणत्या न्यायाने जमा धरावयाचे? शरीर सावरते ते गाढ झोपेत. वाढ आणि दुरुस्ती घडवून आणणारे अंतःस्राव त्याच वेळी रक्तात भरपूर उतरतात. खुर्चीत जे होते ते अचलत्व. त्यात पाठ आखडते, मांडीचे मागचे स्नायू आखूड होतात, खांदे पुढे झुकतात, आणि अशा देहानिशी शनिवारी पहाटे मनुष्य एकदम उभ्या चढाला भिडतो. राईड्स दोनच, पण त्या लागोपाठच्या दिवशी. आणि दुसरी राईड तर स्नायू आंबण्याच्या ऐन मुहूर्तावर. माझ्या मते हिंजवडीच्या स्वाराला राईड्स कमी करावयाच्या नसून त्या आठवड्यात पसरावयाच्या आहेत. एक मोठी राईड रविवारी, एक आखूड राईड बुधवारी वा गुरुवारी पहाटे, आणि मधल्या एका दिवशी घराजवळच्या सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने, तास-पाऊण तास. दर चौथ्या आठवड्यात साऱ्याचे प्रमाण निम्म्यावर आणावे. चाळिशी उलटलेल्याने मोठ्या राईडनंतर आणखी एक दिवस सोडावा, आणि त्याबद्दल कोणाजवळ सबब सांगू नये. सर्वांत आधी मात्र झोपेचा एक तास वाढवावा. नवी सायकल घेण्यापेक्षा त्याला कमी पैसे पडतात.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी व्यायामाची मर्यादा अर्ध्या बळापर्यंत आखून दिली आहे. सुश्रुताने या अर्ध्या बळाचे लक्षण असे सांगितले की श्वास तोंडाने येऊ लागला म्हणजे ती मर्यादा आली असे जाणावे. आणि आजचे प्रशिक्षक ‘बोलता येईल इतक्याच वेगाने जा’ असे सांगतात तेव्हा ते निराळे काही सांगत नसतात. वाग्भटाने त्यात ऋतूची अट घातली. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्याने थंडीत आणि वसंतात अर्ध्या बळाने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून मंद. हे वचन लिहिणाऱ्याने मुळशी पाहिली होती असे नाही, परंतु मुळशीला ते जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या ठिकाणी पडत असेल. पुणे शहरात वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवरील ताम्हिणीत २०२४ च्या जुलैत एका दिवसातच पाचशे मिलिमीटरांहून अधिक पडला. जून ते सप्टेंबर या वाटांवर चाक रुतते, शेवाळलेल्या पाषाणावर ब्रेक लागत नाही, ओढ्याला अकस्मात लोंढा येतो, आणि अलीकडे जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीहुकूमही निघतात. त्याशिवाय ताम्हिणीच्या रानाला २०१३ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, तेव्हा तेथे कोठेही शिरण्याची मुभा कोणत्याच ऋतूत नाही, हेही ध्यानात असावे. 

या सक्तीच्या थांबण्याला आपले स्वार वैतागतात. येथील शेतकऱ्याला असे थांबणे परके नव्हते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग कारळे अशी पिके घेऊन ती पुढे काही वर्षे पड टाकण्याची जुनी पद्धत होती. पड पडलेल्या त्या जमिनीवर गवत माजे, झुडपे वाढत, आणि पाहणाऱ्या परक्याला ती टाकून दिलेली वाटे, पण मालकाच्या लेखी ती लागवडीच्याच चक्रातील जमीन असे. जो ती दरसाल नांगरी त्याला तिसऱ्या वर्षानंतर बियाण्याइतकेही धान्य मिळत नसे. स्वाराच्या पावसाळ्याकडे या दृष्टीने पाहिले तर ते चार महिने वाया जात नाहीत. त्या काळात जोर-बैठका, पोहणे, सूर्यनमस्कार, तालमीतली थोडी मेहनत करावी. जे कंडरे मोसमात मागे राहिले त्यांना गाठावयास हाच अवकाश मिळतो.

विश्रांती ही करावयाची गोष्ट आहे, ती आपोआप घडत नाही, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुळशीच्या उत्तरेस लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या रोग्यांना शवासनाचा नियमित अभ्यास करावयास लावून त्याचे परिणाम १९६९ साली प्रसिद्ध केले. पुष्कळ रोग्यांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. निश्चल पडून राहणे हेदेखील शिकावे लागते आणि त्याचा अभ्यास करावा लागतो, हे त्या रोग्यांना जसे शिकवावे लागले तसेच आमच्या स्वारांनाही शिकवावे लागेल. राईडनंतर फोन हातात घेऊन कोचावर लोळणे याला शवासन म्हणत नाहीत. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो अवश्य चाळावा; मल्लांच्या मेहनतीइतकाच त्यांच्या मालिशीचा आणि खुराकाचा विचार आपल्याकडे किती बारकाईने होत असे, हे त्यातून कळेल. आमच्या पिढीने मेहनत विलायतेतून उचलली आणि मालीश तालमीतच ठेवली, असे कधीकधी वाटते.

या पुस्तिकेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब ज्यांना आहे त्यांनी येथील कोणतेही कोष्टक वैद्याच्या सल्ल्यावाचून अंगीकारू नये. कडक उन्हात दीर्घ राईड केल्यावर लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून अतिशय दुखू लागले, तर तो स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार आल्याचा संभव असतो. अशा वेळी विश्रांतीचे प्रयोग न करता तडक रुग्णालय गाठावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, कारण त्यांची हाडे अजून वाढत असतात आणि त्यांचा उत्साह त्या हाडांचा विचार करीत नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी येथे फारसे काही नाही. त्यांना प्रशिक्षक असतो, आणि नसेल तर असावा.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात पुन्हा सायकली बाहेर निघतात. तेव्हा साखळी आणि बेअरिंगे धुऊन तेल-ग्रीस करावे, ब्रेकच्या पट्ट्या पाहाव्यात, आणि पहिला पंधरवडा ताम्हिणीकडे न वळता पौडहून उजवीकडे कोळवणच्या खोऱ्यात घालवावा. त्या खोऱ्याला तळ शिल्लक आहे. हाडशीपर्यंतचा रस्ता बराचसा सपाट जातो, आणि चार महिने उतार न पेललेल्या मांड्यांना तेवढा आरंभ पुरे होतो. त्या दिवसांत भात कापणीला आलेले असते. बांधावरून सायकल घालू नये, आणि खळ्यापाशी रस्त्यावर पेंढ्या पसरलेल्या दिसल्या तर उतरून, सायकल उचलून पलीकडे जावे.